चार दिव्यांचा डबा

आमच्या घरमालकीण मावशी विजेचं बटण कधी बोटाने दाबत नसत. लाटण्याने दाबत. पंख्याचं बटण असो नाहीतर अंगणातल्या दिव्याचं, आधी लाटणं शोधलं जाई आणि मग उजेड पडे. एकदा दिवेलागण होऊन गेली तरी त्या अंधारातच पोळ्या लाटत उभ्या होत्या. मी विचारलं, "मावशी, दिवा लावू का?" तर म्हणाल्या, "थांब जरा. लाटणं कामात हाय."

नाशकात, मखमलाबादच्या रस्त्याला त्यांचं घर होतं. घरामागे झेंडूचं शेत आणि शेताच्या पलीकडच्या कडेला मुलींसाठी बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या. त्यातल्या एका खोलीत मी इंजिनिअरिंगची सगळी वर्षं काढली. मावशींची अंगकाठी वाळक्या शेंगेसारखी होती, आणि लुगड्यावर कायम नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शर्ट मात्र संपत नव्हते, की त्या एकच शर्ट पुन्हा पुन्हा ठिगळं लावून घालत होत्या, हे आम्हा मुलींना कधी कळलं नाही. बोटं झेंडूच्या रसाने पिवळी-काळी झालेली असत. त्या खोलीत येऊन गेल्या की मागे झेंडूचा उग्र वास राही, आणि माझी रूममेट म्हणायची, "तपासणी होऊन गेली वाटतं."

मावशींचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावत होतं. "राबणाऱ्याला इसावा पाहिजे." हे वाक्य माणसांसाठी नव्हतं, वस्तूंसाठी होतं. सोमवारी फ्रिजला उपास असे, म्हणजे तो बंद. मिक्सरमध्ये चटणी वाटून झाली की त्याच्यावर पंचा घालून त्याला निजवायचं. पंखा दुपारी बंद, मग आपण घामाने भिजलो तरी चालेल. अमावास्येला तर त्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी अंदाजाने काटे फिरवत. त्यामुळे त्या घरात वेळ नेहमी अंदाजाचीच असे, आणि त्यांच्या घड्याळावर भरवसा ठेवून मी एकदा तोंडी परीक्षेला उशिरा पोचले. ते मी अजून विसरलेले नाही.

स्वतः मावशी मात्र कधी बसलेल्या दिसत नसत. भाकरी खायच्या त्याही चुलीपाशी उभ्या राहून, हातावर घेऊन. पाहुणे आले तर दाराच्या चौकटीला टेकून गप्पा मारायच्या. "मावशी, बसा की," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "बसलं की उठावं लागतं बाई. त्यापेक्षा उभं बरं."

अशा बाईच्या घरातून मला माझा लॅपटॉप इंटरनेटला जोडायचा होता.

लॅपटॉप मामेभावाचा. त्याने नवा घेतल्यावर जुना मला दिला. वजनाला पाट्यासारखा, आणि बॅटरी अशी की वायर काढली की लगेच मान टाकायचा. आमच्या कॉलेजात कंपन्या फारशा येत नसत. नोकरी हवी तर आपणच वेबसाइटवर अर्ज भरायचे, आपणच परीक्षा द्यायच्या. तेव्हा नाशकात सायबर कॅफे चिकार होते, पण आत पडदे लावलेल्या केबिन असत आणि त्यांच्याबद्दल नाही नाही ते बोललं जाई. चांदवडहून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्पष्ट सांगितलं होतं की तिकडे पाऊल टाकायचं नाही. मावशींचंही तेच मत. "पडदा लावून करायचं असं कसलं गं काम?"

मी मुळात भित्री मुलगी. विचारू की नको यात बरेच दिवस गेले. शेवटी विचारलं, की मावशी, तुमच्या फोनच्या वायरीवर इंटरनेट येतं, बिल आम्ही मुली भरू. त्यांचा फोन पुढच्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारच्या खिडकीत होता. त्यांनी मला उलटा प्रश्न विचारला. "त्यात करंट असतो का?"

"नसल्यासारखाच, मावशी."

"नसल्यासारखा म्हंजी असतो," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं संपलं. पण दुसऱ्या दिवशी पाणी भरताना स्वतःच म्हणाल्या, "बोलव तुझ्या त्या माणसाला. पण भिताडाला भोक नाय पाडू देणार. ही भिंत त्यांनी बांधलेली हाय, हिला मी खिळाबी मारत नाय."

जोडणीवाला आला, कपाळाला हात लावून वायर खिडकीतून घेतली, बांबूंवरून झेंडूच्या शेतावरून ओढली आणि आमच्या खोलीत आणून सोडली. मॉडेम मात्र फोनपाशी, मावशींच्या खिडकीतच राहिला. त्याला चार हिरवे दिवे होते. मावशी त्याला "चार दिव्यांचा डबा" म्हणू लागल्या. आणि खिडकीतून वायर आल्यामुळे खिडकी आता बंद होईना. नाशकाची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे. त्या हिवाळ्यात मावशींनी फटीत पोत्याचं फडकं कोंबलं, कानाला मफलर गुंडाळला आणि रोज सकाळी मला ऐकवलं, "तुझ्या त्या डब्यापायी माझं कपाळ गारठलं." पण वायर काढ असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

आता माझ्या जिवाला नवा घोर लागला. डबा राबणारा ठरला, म्हणजे त्याला विसावा आला. दुपारी मावशी लाटणं घेऊन त्याचं बटण बंद करत, आणि इकडे माझा अर्ज अर्धा भरलेला असताना पडद्यावर कोपऱ्यात लाल फुली येई. ती फुली दिसली की मी बाहेर धावायची. मी शेताच्या बांधावरून ओरडायची, "मावशी, दिवे लावा!" आणि तिकडून आवाज यायचा, "निजलंय ते. उठलं की सांगते."

एकदा तर मी गेले तेव्हा त्या मॉडेमच्या पाठीवर तळहात ठेवून उभ्या होत्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. "आंग लय गरम लागतंय याचं," म्हणाल्या आणि डबा उचलून पाण्याच्या माठाला चिकटवून ठेवायला निघाल्या. मी अक्षरशः झेप घेतली. पाण्याजवळ ठेवला तर मरेल हो मावशी, असं म्हटलं तेव्हा त्यांनी तो पुन्हा खिडकीत ठेवला आणि विणलेल्या पंख्याने वारा घालू लागल्या.

पावसाळ्यात शेतावरच्या वायरीवर घोसाळ्याचा वेल चढला. वेलाच्या भाराने वायर खाली लोंबली, खोलीतली पिन सैल झाली आणि इंटरनेट दर दोन मिनिटांनी जाऊ लागलं. मी वेल कापायला विळा मागितला. मावशींनी नुसतं बघितलं. "फळं धरलीत त्याला. धरल्या फळाला कापायचं नसतं." मग आम्ही बांबूला बांबू बांधून वायर वर उचलली आणि पुढे घोसाळ्याची भाजी रोज खाल्ली. रूममेट म्हणायची, आपण इंटरनेट खातोय. मला हसू येत नव्हतं, कारण तोवर माझा निकाल लागला होता आणि नोकरीचा पत्ता नव्हता. अण्णा फोनवर बोलून गेले होते, "खोली दिवाळीपर्यंत ठेव. तोवर काही झालं नाही तर सरळ घरी ये. पिंपळगावकडचं एक चांगलं स्थळ आलंय." अण्णा वाईट नव्हते. पण त्यांनी एकदा बोललेला शब्द परत घेतलेला मी पाहिला नव्हता.

नवरात्रात ती मेल आली. दिल्लीकडच्या एका कंपनीने माझा अर्ज निवडला होता. आता फक्त एक ऑनलाइन परीक्षा. दिलेल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत द्यायची, एकदा सुरू केली की थांबवायची नाही, मध्ये संपर्क तुटला तर अर्ज बाद. दिवस होता दसऱ्याच्या आधीचा, खंडेनवमीचा. मी मावशींना सांगायला धावले. झेंडूवाल्यांच्या घरात दसऱ्याच्या आधी काय धांदल असते ते मला ठाऊक होतं. अंगणात क्रेटच्या थप्प्या, खुडणाऱ्या बायकांची ये-जा, आणि मावशी मधोमध उभ्या. मी म्हटलं, "मावशी, नवमीला माझी परीक्षा आहे. त्या दिवशी डबा दुपारी बंद करू नका." त्या म्हणाल्या, "नवमीला? बरं बरं." मी समजले की त्यांनी ऐकलं. त्या समजल्या की मी सुट्टीचं काहीतरी बोलतेय.

खंडेनवमीच्या सकाळी मी अंघोळ करून, देवाला नमस्कार करून लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात लाल फुली.

शेतातून धावत गेले. पुढच्या खोलीत भिंतीशी घोंगडी अंथरली होती आणि तिच्यावर घरातली सगळी अवजारं ओळीने बसली होती. विळे, खुरपी, कुदळ, फवारणीचा पंप, वजनकाटा. प्रत्येकाला हळद-कुंकवाची बोटं आणि झेंडूचं फूल. आणि फवारणीचा पंप आणि वजनकाटा यांच्या मधे, वायर नीट गुंडाळून, कपाळावर हळद-कुंकू लावलेला, चारही दिवे विझलेला माझा डबा.

"मावशी," मी म्हटलं, "हे काय केलंत?"

"पूजा मांडली. अख्खं वरीस राबलं ते आपल्यासाठी. आज त्याचा बी दिवस हाय ना?" त्या कौतुकाने त्याच्याकडे बघत होत्या. मला रडू फुटलं. परीक्षा, दिल्ली, सहा वाजता, अण्णा, पिंपळगावचं स्थळ, सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांचा चेहरा उतरला. पण मान हललीच नाही.

"उद्या उत्तरपूजा झाल्यावर घे. मांडलेलं हत्यार उचलत नसत्यात."

मला राग आला. "मग दादाने दुसरा वजनकाटा कसा नेला बाजारात?" दादा म्हणजे त्यांचा मुलगा, तो पहाटेच फुलं घेऊन गेला होता.

"त्यो शेजारच्यांचा. आपला हा बसलाय बघ." त्यांनी काट्याकडे बोट केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्यात एकदा उचललं होतं. मोटर पूजेला बसवलेली. झाडं सुकून चालली म्हणून ह्यांनी फूल काढून ठेवलं आन मोटर चालू केली. हात वला होता." त्यांनी डब्यावरचं फूल नीट केलं. लाटणं, भिंत, शर्ट, सगळ्याचा मला एकदम उलगडा झाला.

मी तशीच बाहेर पडले. अण्णांची ताकीद बाजूला ठेवून कॉलेज रोडला गेले. पहिला कॅफे बंद. दुसऱ्याचं शटर अर्धं उघडं होतं. वाकून आत पाहिलं तर सगळ्या कम्प्युटरांना झेंडूच्या माळा घातलेल्या, पुढे उदबत्ती, आणि मालक प्रसादाचे पेढे वाटतोय. "ताई, आज मशिनी पूजेत आहेत. परवा या," म्हणाला आणि माझ्या हातावर पेढा ठेवला. तिसरीकडे तेच, पंचवटीत तेच. कॉलेजला कुलूप. अख्ख्या नाशकात त्या दिवशी प्रत्येक यंत्र कुंकू लावून बसलं होतं आणि माझ्या एकटीच्या मागे घड्याळ लागलं होतं. रिक्षात बसून मी तो पेढा खाल्ला. तो गोड लागला, याचीही मला लाज वाटली.

दुपार कलली तेव्हा परत आले. शेतात बायका झेंडू खुडत होत्या. हाताने खुडायचं, त्याला हत्यार लागत नाही, म्हणून ते काम नवमीलाही चालतं. मावशी दारातच उभ्या होत्या. बहुतेक बराच वेळ उभ्या असाव्यात.

"भेटलं का कुढं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"किती वाजेपर्यंत हाय म्हणालीस?"

"सहा."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे खरं का तुझं खरं?" मी माझं मनगट दाखवलं. मग त्या आत वळल्या. घोंगडीपाशी जाऊन हात जोडले, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. डब्यावरचं फूल काढून स्वतःच्या डोक्यात खोवलं. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "तू हात लावू नको. दोष लागला तर मला लागू दे. माझं व्हायचं ते होऊन गेलंय."

डबा खिडकीत ठेवला, फोनची वायर मी सांगितली तिथे खोचली. राहिली विजेची पिन. ती लाटण्याने लागत नाही. मावशींनी हात पदराला पुसला, पुन्हा पुसला, मग पाट ओढून त्यावर अनवाणी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "मावशी, मी लावते, खरंच." त्या ऐकत नव्हत्या. डोळे गच्च मिटले आणि पिन भिंतीत दाबली.

बटण त्यांनी लाटण्यानेच दाबलं. चारी दिवे एकेक करून लागले.

"पळ," त्या म्हणाल्या. "मी हाय इथं. कोणाला हात लावू देत नाय."

पुढचा तास कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. भारनियमनाचे दिवस होते, सणाला वीज जात नसे, पण जाणारच नाही असं कोण सांगणार? प्रत्येक प्रश्नाला माझा एक डोळा पडद्याच्या कोपऱ्यात. वायरीवर एक चिमणी येऊन बसली तर मी श्वास धरून तिच्याकडे बघत राहिले, की बाई, आत्ता झोका घेऊ नकोस. हाताला इतका घाम की बटणांवर बोटं घसरत होती. फुली आली नाही. शेवटचं बटण दाबलं, आपली उत्तरं पोचली असं पडद्यावर उमटलं, तशी मी उठले. ती नोकरी मला मिळाली आणि पिंपळगावच्या स्थळाला दुसरी मुलगी मिळाली, पण हे सगळं दिवाळीच्या तोंडावर कळलं. त्या क्षणी मला फक्त मावशींना सांगायचं होतं.

चपला न घालता शेतातून गेले. दाराशी खुडणाऱ्या दोघी बायका पाट्या घेऊन घुटमळत उभ्या होत्या. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची दुपार, बाजाराची गाडी भरायची, आणि मालकीण शेतात नाही. त्यातली एक हळूच म्हणाली, "त्या उठनात. कवाधरनं हाका मारून राह्यलो. म्हणत्यात, मी आज पूजेत बसलेय."

मी आत डोकावले. घोंगडीवर अवजारांची ओळ तशीच होती. विळे, खुरपी, कुदळ, फवारणीचा पंप. आणि पंप आणि वजनकाटा यांच्या मधे, जिथून डबा उचलला होता त्या जागेवर, मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून मावशी बसल्या होत्या. कपाळावर हळद-कुंकवाची बोटं, दोन्ही हातांच्या पंजांवरही. शर्टाच्या बाह्या नीट खाली ओढलेल्या, डोक्यात डब्याचं फूल. डोळे मिटलेले, पण तोंड खिडकीतल्या दिव्यांकडे.

"मावशी," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. "झालं?"

"झालं. पण तुम्ही इथे काय करताय?"

"मांडलेल्या पूजेत जागा रिकामी ठेवत नसत्यात. त्याच्या बदल्यात राबणारं कायतरी बसाया पाहिजे ना?" त्या अगदी सहज म्हणाल्या. "घरात दुसरं कोण व्हतं?"

एवढ्या वर्षांत मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. बसल्यावर त्या किती लहान दिसत होत्या, आणि किती दमलेल्या. मी पूजेच्या ताटलीतलं एक फूल घेतलं, त्यांच्या पायांशी ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. त्यांना संकोच झाला. "उठ, उठ. आन त्या डब्याला इझव आता, लय राबलं," असं म्हणत त्यांनी गुडघ्यावर हात टेकला आणि उठायला लागल्या. "फुलं राहिलीत तिकडं."

"मावशी," मी म्हटलं, "उत्तरपूजा उद्या आहे. मांडलेलं उचलत नसतात."

त्यांचा हात गुडघ्यावरच राहिला. माझ्याकडे बघितलं, दाराशी उभ्या बायकांकडे बघितलं. काही तोड सापडते का ते शोधत असाव्यात. सापडली नाही.

"पोरगी लय शिकली," त्या म्हणाल्या आणि पुन्हा भिंतीला टेकल्या.

मी लाटणं घेतलं, डब्याचं बटण बंद केलं आणि त्यांची पाटी उचलून बायकांबरोबर झेंडू खुडायला गेले.